बिनटाक्याचं ऑपरेशन

माझ्या अंगावर कुठेही टाका नाही, याचं आमच्या गावाला अजून वाईट वाटतं. ऑपरेशन झालेल्या बाईनं पदर सारून लांबलचक शिवण दाखवावी, पाहणाऱ्या बायांनी तोंडावर हात ठेवून 'अव माय' म्हणावं, चहा प्यावा आणि त्या शिवणीची लांबी निम्म्या गावाला सांगत घरी जावं, अशी आमच्याकडची रीत आहे. मी नागपूरहून आले तेव्हा माझ्या नणंदेनं तर मोबाइलचा टॉर्च लावला. मान पाहिली, छाती पाहिली, पोट पाहिलं, मला फिरवून पाठसुद्धा पाहिली. मग टॉर्च बंद करून म्हणाली, "टाका नाई, दोरा नाई. मंग वहिनी, नागपूरले काय पायले गेल्ते तुमी?"

मी म्हटलं, "बाजार पायले गेल्ते." ते तिला खरं वाटलं असावं.

त्या बाईच्या अकलेचं मला नवल वाटत नाही, तिला मी फार वर्षं ओळखते. पण एखादा टाका असता तर बरं झालं असतं, असं मलाही पुष्कळदा वाटलं. माझ्यासाठी नव्हे, माझ्या धाकट्या जावेसाठी. तेवढ्या शिवणीनं ती सुटली असती.

कामरगावपासून थोडं आत आमचं ओलिताचं वावर आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची, जे त्या हंगामात निघेल ते आम्ही बाजारात धाडतो. घरात सासू, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. चूल एकच, म्हणून पाळी लावलेली. एक दिवस मी रांधायचं, एक दिवस तिनं. धाकटी मानोऱ्याकडची. बोलायला कमी, पण हाताला अशी चव की तिच्या पाळीच्या दिवशी दोघे भाऊ वावरातून लवकर यायचे. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा भरल्या की ती सोले-वांगे करायची. सोले म्हणजे तुरीचे ओले, हिरवे दाणे. ते ठेचून, परतून, वावरातली ताजी वांगी घालून केलेली तिची भाजी खाल्ली की माझीच भाजी मला बेचव लागायची. हे मी तिला तोंडावर सांगायची आणि ती लाजायची.

माझा घास अडकायला लागला तो आधी भाकरीचा. मग पोळीचा. मग भाताचासुद्धा. गिळला जायचा, आणि छातीच्या मधोमध जाऊन ठाण मांडायचा. मी उठून उभी राहायची, खांदे मागे ओढायची, तांब्याभर पाणी प्यायची. पाण्याच्या भारानं घास कधी खाली जायचा, कधी पाण्यासकट वर यायचा. मळमळ नाही, आंबट चव नाही. जसा गेला तसा परत. पंगतीत मी उभी राहिले की आजूबाजूच्या बायांचे हात ताटात थांबायचे. एवढा फुकटचा तमाशा कोण सोडतो? पुढे पुढे मी पंगतीला जाणंच सोडलं आणि वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये, भाजीच्या पोत्यांमागे बसून एकटी जेवू लागले. तर 'लपून खाते' असंही लोकांनी म्हणून घेतलं.

एका डॉक्टरांनी अॅसिडिटी सांगितली. दुसऱ्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरात काही टेन्शन?" नवऱ्यानं मान हलवली. आमचे हे कोणत्याही प्रश्नाला मान हलवतात. ती हो आहे की नाही, हे इतका संसार करूनही मला सांगता येत नाही. डॉक्टरांना मात्र ती बरोबर कळली आणि त्यांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या. सासूला तेवढीही तपासणी लागली नाही. "नखरे हायेत. आमच्या वक्ती कोनाचा घास नाई अटकला," एवढं म्हणून ती स्वतःच्या ताटाकडे वळायची. तिचा घास खरोखरच कधी अडकला नाही. दिवसभर बोलूनही नाही.

मी वाळत गेले. पोलकी सैल झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नखऱ्यांनी माणूस एवढा वाळत नाही, हे जेव्हा सासूच्याही लक्षात आलं तेव्हा तिनं चूक कबूल केली असेल, असं कोणाला वाटलं तर तो माणूस आमच्याकडचा नाही. तिनं नवीन कारण शोधलं. मला कोणी तरी काही तरी 'चारलं' होतं. म्हणजे अन्नातून करणी केली होती. आणि ते काढणारा एक माणूस रेल्वे लायनीच्या पलीकडच्या गावात बसतो, असं नणंदेनं सांगितलं. नणंदेला अशी माणसं बरोबर माहीत असतात.

मला उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी मी नको म्हटलं. जीपमध्ये घातलं आणि नेलं.

काढणारा इस्त्रीच्या शर्टातला, तेल लावून भांग पाडलेला माणूस होता. पत्र्याच्या मांडवात बायका ओळीनं बसलेल्या. माझा नंबर आला तेव्हा कुठे दुखतं, काय खाता, कधीपासून, असं त्यानं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "घरात रांधते कोन?" मग मोठ्या लोट्यातून मिठाचं पाणी पाजलं, मान दाबून मला परातीवर वाकवलं आणि पाठीवर थापा मारल्या. सगळं पडलं. परातीत हिरवेगार सोले होते. काही ठेचलेले, काही सबंध. वांग्याच्या बिया होत्या. जसेच्या तसे, जणू आत्ताच ताटातून काढून ठेवले असावेत.

"हे कधीचं?" त्यानं विचारलं.

सासूनं मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "परवाची भाजी हाये. धाकटीची पाळी होती."

"मंग? बाकीच्याइले पचली ना? हिलेच काहून नाई पचली? चारलेलं पचत नसते."

सासू त्याच्या पाया पडली. नणंद पडली. आमच्या ह्यांनी मान हलवली.

त्या परातीत भातही होता. शितं मोजता येतील असा, पांढरा, आदल्या दिवशीचा. माझ्या पाळीच्या दिवशी, मी माझ्या हातानं शिजवलेला. तोही पचला नव्हता. म्हणजे मी मलाच चारलं होतं का? मी हे म्हणाले. बसलेल्या आवाजात का होईना, बोट दाखवून म्हणाले. भाताकडे एकानंही पाहिलं नाही. जे पाहायचं ठरवून आलाय तेवढंच ज्याला दिसतं, त्याला भाताची शितं कशी दिसणार?

त्या दिवसापासून धाकटीला चूल बंद झाली. नुसती भाजी नव्हे. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, दळण काढायचं नाही, माझ्या ताटावरून सावली पडू द्यायची नाही. ती दिवस उगवायच्या आत वावरात जायची, वांगी तोडायची, निंदण करायची, आणि संध्याकाळी ओसरीच्या टोकाला तिला ताट सरकवलं जायचं. माझा दीर, तिचा नवरा, आत बसून जेवायचा. सुरुवातीला ती रडून भांडली. "मी कायले चारू वं बाई? तुमीच सांगा ना यायले!" मी सांगितलं. एकदा नाही, रोज. तर सासू म्हणाली, "तुलेच तं चारलं हाये. तू तिच्याच बाजूनं बोलशीन." या बिनतोड डोक्याला काय उत्तर द्यायचं? मी गप्प राहिले तर करणीनं वाचा गेली, बोलले तर करणी बोलतेय.

आणि तिची चूल बंद होऊन माझा घास मोकळा झाला का? उलट पाणीसुद्धा अडकायला लागलं. त्यावर काढणाऱ्याचा निरोप आला की जुनं बसलेलं आहे, वेळ लागेल.

शेवटी मला वाचवलं ते तापानं. खोकला आणि ताप हटेना, तेव्हा नाइलाजानं वाशिमला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला, आणि नवऱ्याकडे पाठ करून मला विचारलं, "जेवण अडकतं का तुमचं? झोपेत वर येतं? सकाळी उशीवर असतं?" मला रडू फुटलं. माझ्या जेवणाबद्दल मला विचारणारा तो पहिला माणूस. झोपेत वर आलेलं अन्न फुप्फुसात उतरत होतं, ताप त्याचा होता.

त्यांनी अकोल्याला पाठवलं. तिथे चुना कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजून मशीनपुढे उभं केलं आणि पडद्यावर मला माझी अन्ननलिका दिसली. वर फुगलेली, खाली एकदम चिमटलेली, आणि पांढरं पाणी त्या चिमट्यावर साचून उभं. मग नागपूर. आजाराचं नाव अॅकॅलेशिया, ते मी पाठ केलं. नागपूरचे डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण समजावून सांगण्यात त्यांनी घाई केली नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप उघडायचं विसरते, आणि नळीची अन्न खाली ढकलायची ताकदही जाते. अन्न पोटात पोचतच नाही, वरच पडून राहतं.

मी विचारलं, "तुरीचे दाणे दोन दिवस तसेच राहतील?"

"राहतात की," ते म्हणाले. "दुर्बीण घातली की काय जेवलात ते आम्हाला ओळखू येतं. पोटात गेलं तर पचणार ना!"

मी नवऱ्याला कोपर मारलं. "ऐकलं? पुन्हा एकदा सांगा डॉक्टर, यांना सांगा." डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पुन्हा सांगितलं. ह्यांनी मान हलवली.

ऑपरेशन म्हणजे तोंडातूनच. भूल देऊन दुर्बीण आत घातली, नळीच्या आतल्या अस्तराला छोटी चीर दिली, अस्तर आणि स्नायू यांच्या मधून वाट काढत खाली गेले, तो आवळलेला स्नायू कापला, आणि येताना चीर आतून चिमट्यांनी मिटवून टाकली. बाहेरून चाकू लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं पाणी पाजून फोटो काढला, कुठून गळत नाही ना ते पाहिलं, आणि मग नर्सनं मला साधं पाणी दिलं. मी सवयीनं उभी राहायला लागले. ती म्हणाली, "बसा हो मावशी, बसूनच प्या." मी बसून प्याले. पाणी गेलं. कुठे गेलं ते कळलंसुद्धा नाही, इतकं सहज गेलं. माणसं हे रोज करतात आणि त्यांना काहीच वाटत नाही, याचा मला त्या खाटेवर भयंकर राग आला.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. झडप मोकळी झाली म्हणजे आता जठरातलं आम्ल वर येऊ शकतं, त्याची गोळी घ्यावी लागेल. खाटेचं डोकं उंच ठेवायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. नळीची ताकद परत येणार नाही. अन्न आपल्या वजनानं उतरेल, तेव्हा ताठ बसून, सावकाश, पाण्याच्या घोटाबरोबर जेवायचं. काही दिवस पातळ, मग मऊ, मग सगळं. तपासायला येत राहायचं, पुढे कधी पुन्हा त्रास झाला तर पुन्हा पाहू. मी सगळं पाळलं. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत. आंबट पाणी कधी वर येतं, गोळी घेतली की बसतं. बांगड्या पुन्हा मनगटात राहिल्या. भाकरी जायला लागली. यापेक्षा चांगला गुण कोणाला हवा असेल तर त्यानं देवाकडे अर्ज करावा.

आणि घरी? टाका नाही म्हणजे ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही म्हणजे गुण कोणाचा? काढणाऱ्याचा. "वरचं डॉक्टरनं धुतलं, मुळातलं म्या काढलं," असं त्यानं मोठ्या मनानं कळवलं. धाकटीला चुलीपासून तोडलं म्हणूनच हे झालं, यावर तर शिक्कामोर्तब झालं. मी आधीचा आणि नंतरचा फोटो खिडकीत धरून दाखवला. सासू म्हणाली, "हे कोनाचंबी अशीन." मग मी वावरातल्या ठिबकची जाड नळी आणली, एक टोक तारेनं करकचून बांधलं, वरून सोले टाकून पाणी भरलं आणि खुंटीला टांगली. तिसऱ्या दिवशी सोडून दाखवली. सोले जसेच्या तसे. ज्यांचा जन्म तुंबलेल्या नळ्या फुंकण्यात गेला, त्यांना तरी हे कळावं! सासू नळीकडे बघत म्हणाली, "नळीले कोन चारते?"

त्या उत्तरावर मी नळी फेकून दिली.

पुढच्या हिवाळ्यात नणंदेनं बोललेला नवस फेडायचं ठरलं. वावरातल्या मारोतीपाशी रोडग्यांची पंगत. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. कोरडा, घट्ट, अडकायला यापेक्षा सरस पदार्थ शोधून सापडणार नाही. मी बरी झाल्याची खूण म्हणून पहिला रोडगा मीच खायचा होता. तुरी भरल्या होत्या. मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा.

पंगत बसली तेव्हा मी उभी राहिले. यावेळी घासासाठी नाही. म्हटलं, "मी आज धाकटीच्या हातचे सोले-वांगे खाईन. तिनं रांधलेले, तिनं वाढलेले. सगळ्याइनं पाहा. खाली गेले तर तिच्यावरचं खोटं मागं घ्यायचं."

मला वाटलं होतं आरडाओरड होईल. मी भांडायची पूर्ण तयारी करून आले होते. सासू पदरानं हात पुसत शांतपणे म्हणाली, "खाय ना. आता कायचं भेव? उतरलं ना ते. आता तिच्या हातचं बाधत नसते."

बाया माना डोलवायला लागल्या. नणंद म्हणाली, "हाव ना." काही अडकलं असतं तर धाकटीनं चारलं, आणि गेलं तर धाकटीनं चारलेलं उतरलं. मी मेले असते तरी तीच आणि जगले तरी तीच. एवढी मोठी अक्कल या माणसांनी कधी वावरात लावली असती तर आमच्या वांग्यांना कीड पडली नसती.

धाकटीनं बाजूला तीन दगडांवर भाजी केली. कितीतरी दिवसांनी तिच्या हाताला फोडणीचा वास आला. पातेलं घेऊन ती माझ्यापर्यंत आली, आणि दोन हात अंतरावर थांबली. पातेलं जमिनीवर ठेवलं, त्यात पळी ठेवली आणि मागे सरली.

"तुमच्या हातानं घ्या बाई."

"तू वाढ."

"नको. घ्या ना तुमी."

"वाढ म्हणते ना मी! तुझ्याच हातानं पायजे मले."

ती वाकली. पळी भरली. लांबूनच ओतली, रस्सा माझ्या पत्रावळीबाहेर सांडला. मी रोडगा फोडला, त्या भाजीत कुस्करला. ती माझ्याजवळ टेकली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाई, एक खरं सांगा मले. मी तं काई टाकलं नोतं ना? न समजता, कधी? मले आठवत नाई वं. लय इचार केला, आठवत नाई."

ती मला विचारत होती. माझी समजूत घालायला नव्हे, खरंच विचारत होती. ज्या बाईनं रडून भांडून सांगितलं होतं की मी कायले चारू, तिला या लोकांनी ओसरीच्या टोकाला बसवून बसवून इथपर्यंत आणलं होतं. मी तिला नागपूरचं सगळं पुन्हा सांगितलं. झडप, नळी, तुरीचे दाणे, माझ्या हातचा भात. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर सासूकडे जात होती.

"खा मंग," ती म्हणाली.

मी घास तोंडात घातला. चव तीच होती. ताठ बसले, चावला, पाण्याचा घोट घेतला आणि गिळला. घास सरळ खाली गेला, कुठेही थांबला नाही. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं होतं. धाकटी माझ्या गळ्याकडे एकटक बघत होती. तो गेल्याचं तिनं पाहिलं, तरी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग आणखी वाढ म्हणून मी पत्रावळ पुढे केली. तिनं पळी पातेल्यातच ठेवली आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.